विश्लेषण : औषधांच्या पिशवीपासून मतपेटीपर्यंत… परदेशस्थ मराठी माणसाच्या आरोग्यचिंता राजकीय कशा होतात?

डिसेंबरची सुट्टी संपवून मुंबई विमानतळावरून परतणाऱ्या कुटुंबांच्या बॅगांमध्ये भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाल्याच्या शेजारी एक पिशवी हमखास असते. औषधांची. तापाच्या गोळ्या, पोट बिघडल्यावरच्या गोळ्या, ओळखीच्या डॉक्टरांनी ‘लागली तर असू द्या’ म्हणून लिहून दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स, आजीने सांगितलेले चूर्ण. सुट्टीत दातांचा डॉक्टर झालेला असतो, चष्मा झालेला असतो, रक्ताच्या तपासण्याही झालेल्या असतात. परत गेल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमात गप्पा सुरू होतात त्या याच पिशवीवरून. ‘तिकडे जीपीची वेळ मिळेपर्यंत ताप उतरून जातो’ हे पहिले वाक्य असते. जेवणाची ताटे हातात येईपर्यंत विषय व्हिसा, कर, स्थलांतरितांविरोधातील वातावरण आणि भारतातील निवडणुका इथवर पोहोचलेला असतो.

राजकारण नको, असे मंडळांत वारंवार बजावले जाते. पण परदेशात आजारपण आणि राजकारण वेगळे ठेवणे कठीण असते, कारण तिथे डॉक्टरकडे जाण्याचा हक्क अनेकदा पासपोर्टच्या रंगावर, व्हिसाच्या प्रकारावर किंवा नोकरीवर अवलंबून असतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ मधील आकडेवारीनुसार परदेशस्थ भारतीय आणि भारतीय वंशाच्या व्यक्ती मिळून सुमारे ३ कोटी ५४ लाख लोक जगभर आहेत. त्यातील सुमारे १ कोटी ५८ लाख जणांकडे आजही भारतीय पासपोर्ट आहे. त्यांच्या रोजच्या काळज्या कोणत्या आणि त्या राजकीय का होतात?

रिपोर्ट तोच, आजार वेगळा?

पहिली अडचण अगदी साधी, म्हणजे एककांची. भारतात आणि अमेरिकेत रक्तातील साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. इकडचे उपाशीपोटी १२६ म्हणजे तिकडचे ७. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी भारतात टक्क्यांत येते, ब्रिटनमध्ये वेगळ्याच एककात. मधुमेहाची रेषा ६.५ टक्के म्हणजेच तिकडच्या ४८ वर, ही दोन्हीकडे सारखी. मधुमेहपूर्व अवस्थेची रेषा मात्र सारखी नाही. अमेरिकेत ती ५.७ टक्क्यांपासून सुरू होते, तर ब्रिटनमध्ये ४२ पासून, म्हणजे ६ टक्क्यांपासून. त्यामुळे ५.८ टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन न्यू जर्सीत बसलेल्या भावाला डॉक्टर ‘सांभाळा’ म्हणतात आणि लंडनमधल्या बहिणीला तेवढ्याच आकड्यावर ‘नॉर्मल’ असे उत्तर येते. कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावर मग ‘तिकडचे डॉक्टर दुर्लक्ष करतात’ हा निष्कर्ष निघतो.

खरे दुर्लक्ष वेगळ्या ठिकाणी होऊ शकते. दक्षिण आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतो, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये दक्षिण आशियाईंसाठी बीएमआयची धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ आणि मोठ्या धोक्याची पातळी ३० ऐवजी २७.५ धरण्याची शिफारस केली. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा २३ वर आणली. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हाच जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. तेव्हा २४ बीएमआय असलेल्या मराठी अभियंत्याला भिंतीवरचा तक्ता दाखवून कोणी ‘वजन उत्तम’ म्हटले, तर त्याने वंशाची आठवण करून देणे योग्यच ठरते.

‘ड’ जीवनसत्त्वाचेही असेच. उत्तरेकडील हिवाळ्यात सूर्यप्रकाश अपुरा पडतो आणि गडद त्वचेला तो अधिकच कमी पुरतो. ब्रिटनमधील अधिकृत सल्ला असा की शरद आणि हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घेण्याचा विचार करावा, तर दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांनी तो वर्षभर करावा. भारतातून आणलेली ६० हजार युनिटची साप्ताहिक पुडी आणि ही रोजची लहान गोळी यांत गल्लत झाली की अंगदुखीबरोबर नवी दुखणी येऊ शकतात.

औषधांच्या पिशवीत नेमका धोका कुठे?

पिशवीतील सगळीच औषधे निरुपद्रवी नसतात. भारतात घरोघरी माहीत असलेले निमेसुलाइड अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कधी मंजूरच झालेले नाही. ते घेऊन पोट किंवा यकृत बिघडले, तर तिथल्या आपत्कालीन विभागातील डॉक्टरला गोळीचे नावही ओळखीचे नसते. चूर्णांबाबत २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिक ‘जामा’त प्रसिद्ध झालेला अभ्यास अजूनही उद्धृत होतो. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. आयुर्वेद चांगला की वाईट, असा हा प्रश्न नाही. कोणत्या बाटलीत काय आहे याची खात्री कोण देणार, एवढाच तो आहे.

आखातात प्रश्न कायद्याचा होतो. ट्रॅमाडॉल, कोडीन, डायझेपाम यांसारखी औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत आणि ती नेण्यासाठी तिथल्या सरकारी यंत्रणेची पूर्वपरवानगी लागते. खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकते, हे दुबईला पहिल्यांदा मुलीकडे निघालेल्या सत्तरीच्या आजोबांना ठाऊक असण्याची शक्यता कमी. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि स्वतःपुरतीच औषधे नेणे हा सर्वच देशांसाठी सुरक्षित मार्ग.

या पिशवीमागे जी कारणे दिली जातात, त्यांतील एक खरे आहे. पुण्यात किंवा ठाण्यात पाच-सातशे रुपयांत संध्याकाळी तज्ज्ञ डॉक्टर भेटतो आणि सकाळी सोनोग्राफी होते. पण ही तुलना करताना भारतातील शहरी खासगी सेवा आणि परदेशातील सार्वजनिक सेवा समोरासमोर ठेवली जाते. गडचिरोलीतील ग्रामीण रुग्णालय या तुलनेत कधीच येत नाही. ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या उपचारानंतर बिल येत नाही, हेही गप्पांत उशिरा आठवते.

ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभारावरून वाद का?

ब्रिटनच्या ‘एनएचएस’मध्ये उपचार मोफत असले, तरी व्हिसावर येणाऱ्याला आधी अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता. पुढे ४००, मग ६२४ आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ पौंड झाला. विद्यार्थी आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड. ही रक्कम हप्त्याने नव्हे, तर व्हिसाच्या पूर्ण मुदतीची एकदम भरायची. पती, पत्नी आणि दोन मुले पाच वर्षांसाठी निघाली, तर केवळ अधिभारच १८,११० पौंड होतो, म्हणजे आजच्या दराने वीस लाख रुपयांच्या आसपास. व्हिसा शुल्क वेगळे. त्यानंतर पगारातून प्राप्तिकर आणि राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते ती इतरांसारखीच. ‘एकाच डॉक्टरसाठी दोनदा पैसे’ ही तक्रार त्यातून येते.

पैसे भरूनही प्रतीक्षा चुकत नाही. तज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही, जीपीने पाठवावे लागते. नियोजित उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत हे उद्दिष्ट इंग्लंडमध्ये २०१६ पासून गाठलेले नाही आणि प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर राहिली आहे. लॉर्ड दारझी यांच्या सप्टेंबर २०२४ मधील अहवालाने एनएचएसची अवस्था गंभीर असल्याचे म्हटले. त्याची कारणे अपुरी भांडवली गुंतवणूक, सामाजिक काळजीसेवेची दुरवस्था आणि करोनानंतरचा ताण अशी अनेक आहेत. राजकीय सभांमध्ये मात्र ‘गर्दी स्थलांतरितांमुळे’ एवढेच सोपे उत्तर दिले जाते. गंमत अशी की इंग्लंडच्या एनएचएसमधील बिगरब्रिटिश कर्मचाऱ्यांत सर्वाधिक संख्या भारतीयांचीच आहे. रांग वाढवणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, तोच अनेकदा त्या रांगेच्या टोकाला स्टेथोस्कोप घेऊन बसलेला असतो.

मे २०२५ मधील श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने कायमस्वरूपी वास्तव्याचा साधारण कालावधी पाच वर्षांवरून दहावर नेण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबर २०२५ मधील तपशीलवार प्रस्तावात एनएचएसमधील डॉक्टर आणि परिचारिकांसाठी पाच वर्षे कायम ठेवण्याची, तर कमी कौशल्याच्या गटात मोडणाऱ्या कामगारांसाठी, ज्यात वृद्धांची काळजी घेणारेही येतात, १५ वर्षांची भाषा होती. आयटीतील माणसाला हे लगेच आकड्यांत दिसते. दहा वर्षे व्हिसावर म्हणजे दहा वर्षांचा अधिभार, माणशी १०,३५० पौंड. शिवाय तेवढा काळ नोकरी गेली तर देश सोडण्याची टांगती तलवार. रिफॉर्म यूके पक्षाने तर कायमस्वरूपी वास्तव्याची पद्धतच रद्द करण्याची घोषणा केली आहे.

यावर मराठी मंडळींत एकमत असेल, असे समजणे चुकीचे ठरेल. वीस वर्षांपूर्वी आलेले, घर झालेले, नागरिकत्व घेतलेले अनेक जण ‘आता नियम कडक हवेतच’ या मताचे असतात. नुकतेच आलेले त्यांच्यासमोर गप्प बसतात आणि गाडीत बसल्यावर बोलतात.

आईवडिलांना आणता का येत नाही?

परदेशस्थांच्या सर्व काळज्यांत ही सर्वात खोल आहे. रात्री तीन वाजता भारतातून आलेला फोन उचलण्यापूर्वीच छातीत धस्स होते, याचा अनुभव नसलेले घर क्वचित सापडेल. वडील गेले, आई एकटी आहे, मणक्याचे दुखणे आहे. तिला इकडे आणायचे तर?

ब्रिटनमध्ये जुलै २०१२ पासून हे जवळजवळ अशक्य झाले. प्रौढ अवलंबितांच्या नियमानुसार केवळ वय किंवा एकटेपण पुरत नाही. दैनंदिन कामांसाठी दीर्घकालीन काळजीची गरज आहे आणि ती काळजी मायदेशी पैसे देऊनही मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. मुलगा पैसे पाठवू शकतो आणि भारतात बाई ठेवता येते, म्हटल्यावर अर्ज तिथेच अडतो. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना या नियमाविरोधात सातत्याने मागणी करीत आली आहे. दुसऱ्यांच्या आईवडिलांवर उपचार करणारा डॉक्टर स्वतःच्या आईवडिलांना जवळ ठेवू शकत नाही, हे तिचे दुखणे. पर्यटक म्हणून आलेल्या पालकांना आपत्कालीन विभागातील तातडीचे उपचार मिळतात. मात्र रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास एनएचएसच्या खर्चाच्या दीडपट आकारणी होऊ शकते.

अमेरिकेत नागरिकत्व मिळाल्यावर पालकांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो आणि त्यावर वार्षिक कोटा नाही. पण ६५ वर्षांवरील ग्रीन कार्डधारकाला ‘मेडिकेअर’ विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. स्वतःची किंवा जोडीदाराची दहा वर्षांची नोकरी तिथे झालेली नसेल, तर रुग्णालय विम्याचाच हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलरपर्यंत होता. त्याआधी सहा महिन्यांसाठी येणारे आईवडील ‘व्हिजिटर इन्शुरन्स’वर असतात आणि इथे मोठी फसगत होते. अशा अनेक पॉलिसी आधीपासूनचा आजार वगळतात. फक्त त्या आजाराचा ‘अचानक उद्भवलेला तीव्र झटका’ काही मर्यादेपर्यंत भरून देतात. अनेक वर्षांचा रक्तदाब असलेल्या वडिलांच्या छातीत दुखले, तर तो अचानक झटका की जुन्या आजाराचा पुढचा टप्पा, हे विमा कंपनी ठरवते, तेही कागदपत्रे मागवून, नंतर. दुसरा प्रकार ‘फिक्स्ड बेनिफिट’चा. स्वस्त हप्ता, पण प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम, बिल कितीही असो. अमेरिकी रुग्णालयाच्या बिलापुढे ती रक्कम फार तुटपुंजी ठरते.

कॅनडाने पालकांसाठी ‘सुपर व्हिसा’ ठेवला आहे. एका भेटीत पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. ऑस्ट्रेलियात चाळीस हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर भरून येण्याचा मार्ग आहे, पण त्यासाठीची रांगही अनेक वर्षांची.

म्हणून बहुतेक घरांत तोडगा भारतातच शोधला जातो आणि तिथे अलीकडे काही गोष्टी सुधारल्या आहेत. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून आरोग्यविमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादा काढली. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा कालावधी जास्तीत जास्त चारऐवजी तीन वर्षे केला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी शून्य झाला. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले. मुलगा डॉलरमध्ये कमावतो म्हणून आईला हे कार्ड मिळत नाही, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. पॉलिसी मुलाच्या ईमेलवर, आधार आईच्या पाकिटात आणि जुने रिपोर्ट कपाटाच्या वरच्या खणात, अशी स्थिती असेल तर मात्र ऐनवेळी शेजाऱ्यांची धावपळ होते.

अमेरिकेत नोकरी गेली, तर विमा कुठे?

अमेरिकेत विमा बहुधा नोकरीतून मिळतो आणि एच-वन बी व्हिसाही नोकरीतूनच. त्यामुळे कामावरून कमी केल्याच्या एका ईमेलने दोन्ही गोष्टी हलतात. नवी नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस. जुना गट विमा ‘कोब्रा’ कायद्याखाली साधारण १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण आतापर्यंत मालक भरत असलेला वाटाही स्वतः भरावा लागतो, वर दोन टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च. दुसरा पर्याय ‘ओबामाकेअर’च्या बाजारपेठेतील विम्याचा. कायदेशीर वास्तव्य असलेल्या एच-वन बीधारकांना तो घेता येतो आणि विमा गेल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. म्हणजे नोकरी, व्हिसा आणि विमा या तिन्हींची घड्याळे एकाच वेळी सुरू होतात. घरात गरोदर पत्नी किंवा इन्सुलिनवरचे मूल असेल, तर ते ६० दिवस कसे जातात, याची कल्पना करणे अवघड नाही.

याच बाजारपेठेतील वाढीव अनुदानाची मुदत २०२५ अखेरपर्यंत होती. ते सुरू ठेवावे की नाही, या वादावरून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादण्याची घोषणा अध्यक्ष ट्रम्प यांनी केली, तेव्हा अमेरिकी वैद्यकीय संघटनांनी डॉक्टरांना त्यातून वगळण्याची मागणी केली. ग्रामीण रुग्णालये परदेशी डॉक्टरांवर चालतात, हे त्यामागचे कारण.

मधुमेही अर्जदारांना धास्ती वाटावी अशी घडामोड नोव्हेंबर २०२५ मधील आहे. स्थलांतर व्हिसा देताना अर्जदार पुढे सरकारी खर्चावर बोजा ठरेल का, हे तपासताना हृदयविकार, मधुमेह, स्थूलता अशा जुनाट आजारांचाही विचार करावा, अशा सूचना अमेरिकी परराष्ट्र खात्याने वकिलातींना दिल्याचे वृत्त आले. पूर्वी या वैद्यकीय तपासणीचा भर प्रामुख्याने क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारांवर असे. ज्या समाजात साठीनंतर साखरेची गोळी न घेणारा माणूस शोधावा लागतो, तिथे आईवडिलांच्या ग्रीन कार्डच्या अर्जावर याचा काय परिणाम होईल, ही चर्चा साहजिकच सर्वत्र झाली.

दुसरीकडे, राजकारणाचा वापर आरोग्यासाठी करण्याचा प्रयत्नही झाला आहे. दक्षिण आशियाईंमधील हृदयविकाराबाबत जनजागृती आणि संशोधनाला निधी देणारे विधेयक प्रमिला जयपाल यांनी मांडले. प्रतिनिधीगृहात ते २०२० आणि २०२२ मध्ये संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून त्याच सभागृहात आहेत. मात्र भारतीय वंशाचे खासदार वाढले, म्हणजे विम्याचा प्रश्न सुटेल, इतके ते सोपे नाही.

या संदर्भात आयर्लंडचे उदाहरण आवर्जून आठवते. मालवण तालुक्यातील वराड गावाशी वडिलांकडून नाते असलेले लिओ वराडकर स्वतः डॉक्टर, वडीलही डॉक्टर. २०१४ ते २०१६ या काळात ते देशाचे आरोग्यमंत्री होते आणि नंतर दोनदा पंतप्रधान झाले. करोनाच्या पहिल्या लाटेत पंतप्रधानपदी असताना त्यांनी वैद्यकीय नोंदणी पुन्हा करून आठवड्यातील काही वेळ सेवा दिली. वराडमध्ये त्यांच्या निवडीचा आनंद साजरा झाला. आयर्लंडमध्ये मात्र त्यांच्यावर टीका होत राहिली ती गृहटंचाई आणि रुग्णालयांतील खाटांच्या तुटवड्यावरून.

आखातात चर्चा दबक्या आवाजात का?

आखातातील चित्र वेगळे आहे. अबुधाबी आणि दुबईत आरोग्यविमा आधीपासून सक्तीचा होता. १ जानेवारी २०२५ पासून उर्वरित अमिरातींतही मालकाने कामगाराचा विमा काढणे बंधनकारक झाले आणि मूलभूत पॅकेज वर्षाला ३२० दिरहमचे ठेवले गेले. कागदावर हे चांगलेच आहे. पण बांधकामावरील कामगाराचा मोठा शत्रू उष्णता. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील कामाला बंदी असते. कतारमध्ये २०२१ पासून ही बंदी सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी अधिक लांब आहे. पाणी कमी पिऊन वर्षानुवर्षे उन्हात काम केल्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि तो अनेकदा गावी परतल्यावरच कळतो. तोवर विमा संपलेला असतो.

इथे स्थानिक राजकारणावर बोलण्याची सोय नाही. समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठीही नोकरी आणि व्हिसा जाऊ शकतो. त्यामुळे रत्नागिरी-रायगडकडच्या मजुरांच्या खोलीत चर्चा होते ती गावच्या, जिल्ह्याच्या, मुंबईच्या राजकारणाची. भारत सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण त्यात मिळते. एजंटने विम्याचा कागद हातात दिलेला नसेल, तर घरच्यांना ही योजना माहीत असण्याची शक्यता जवळपास नाही.

मत तिथे आहे, इथे का नाही?

ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून, तिथल्या संसदेच्या निवडणुकीतही मतदान करता येते. ब्रिटिश नागरिकत्वाची गरज नाही. पुण्याहून शिकायला गेलेली विद्यार्थिनी नावनोंदणी करून खासदार निवडू शकते आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. २०१६ च्या ब्रेग्झिट सार्वमतातही अशा भारतीयांना मत होते, तर वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्या फ्रेंच किंवा पोलिश नागरिकांना नव्हते. हा हक्क आहे हे माहीत नसलेले मराठी लोक आजही बरेच भेटतात. अमेरिकेत ग्रीन कार्डधारकालाही संघीय निवडणुकीत मत नाही आणि चुकून मतदान केल्यास पुढे नागरिकत्वच धोक्यात येऊ शकते. आखातात तर प्रश्नच येत नाही.

आणि भारतात? लोकप्रतिनिधित्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २०-अ नुसार परदेशी नागरिकत्व न घेतलेल्या अनिवासी भारतीयाला ‘फॉर्म ६-अ’ भरून पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येते. मत देण्यासाठी मात्र त्याने मूळ पासपोर्टसह स्वतः केंद्रावर हजर राहायचे. ओसीआय कार्डधारकांना मतदानाचा हक्क नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत मांडले गेले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. निवडणूक आयोगाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टपाली मतपत्रिका पाठवण्याचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाला दिला. सैनिकांसाठी ती पद्धत वापरात आहे, अनिवासींसाठी नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १ लाख १९ हजार ३७४ अनिवासी मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी आणि त्यातील २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ नोंदणीकृत अनिवासी मतदारांपैकी १७ जणांनी मतदान केले, तर गोव्यातील ८४ पैकी एकानेही नाही. केरळने १९९६ मध्येच अनिवासींसाठी ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग उभारला आणि २०२५ मध्ये त्यांच्यासाठी पाच लाखांच्या आरोग्यविम्याची ‘नोर्का केअर’ योजना आणली. तिथल्या आखाती कामगारांना निवडणुकीसाठी विमानाने आणण्याची धडपड पक्ष आणि संघटना करतात. महाराष्ट्रातल्या प्रचारात परदेशस्थ मराठी माणूस दिसतो तो बहुधा देणगीदार किंवा गुंतवणूकदार म्हणून. डोंबिवलीत एकट्या राहणाऱ्या आईसाठी रात्री रुग्णवाहिका कशी मिळेल, हा त्याचा प्रश्न मात्र अजून कोणाच्या जाहीरनाम्याचा विषय झालेला नाही.